मदतकार्य चालू असताना सरकारला प्रश्न विचारायचे की थांबायचं? कॅटरिना ते अंबाझरी

नागकाठ

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीचं पाणी आमच्या भागात शिरलं. तेव्हापासून आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक वाद दर पावसाळ्यात पेटतो. परवा पुन्हा पेटला. एका काकांचं म्हणणं असं की, तेव्हा चॅनेलवाल्यांनी उगाच सरकारला धारेवर धरलं, माणसं बोटीतून काढायची सोडून अधिकारी बाइट देत बसले. संकटात सगळ्यांनी एक व्हायचं असतं, उणीदुणी नंतर काढता येतात. बऱ्याच जणांनी त्यांना दुजोरा दिला.

मला हे अजिबात पटत नाही. माझ्या मते संकट चालू असताना विचारलेला नेमका प्रश्न हा मदतकार्याचाच भाग असतो. कारण सांगते.

कॅटरिना चक्रीवादळ २९ ऑगस्ट २००५ ला अमेरिकेत लुईझियानाच्या किनाऱ्यावर धडकलं. न्यू ऑर्लिन्स शहर बुडालं ते नुसत्या वाऱ्या-पावसानं नाही. शहराला वाचवायला बांधलेल्या कालव्यांच्या पूरभिंती फुटल्या आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं. ज्यांच्याकडे गाडी होती ते आधीच निघून गेले होते. मागे राहिले ते गरीब, म्हातारे, आजारी, आणि त्यात कृष्णवर्णीयांची संख्या फार मोठी होती. हजारो लोक कन्व्हेन्शन सेंटरला जाऊन थांबले. तिथे ना पाणी होतं, ना अन्न, ना डॉक्टर. टीव्हीचे कॅमेरे मात्र पोचलेले होते. खुर्चीत बसल्या जागी मरण पावलेली माणसं, अंगावर नुसती चादर टाकलेली, लोकांनी घरबसल्या पाहिली.

आणि १ सप्टेंबरला केंद्रीय आपत्ती यंत्रणेचे, म्हणजे फेमाचे प्रमुख मायकेल ब्राऊन टीव्हीवर सांगतात की कन्व्हेन्शन सेंटरमधल्या लोकांबद्दल आम्हाला आजच कळलं! एबीसी वाहिनीच्या टेड कॉपेल यांनी त्यांना तिथल्या तिथे विचारलं की तुम्ही लोक टीव्ही बघत नाही का, रेडिओ ऐकत नाही का? दुसऱ्या दिवशी दुपारी नॅशनल गार्डचे ट्रक अन्नपाणी घेऊन तिथे पोचले. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ब्राऊन यांची जाहीर पाठ थोपटली होती. १२ सप्टेंबरला ब्राऊन यांना राजीनामा द्यावा लागला.

एकट्या टीव्हीमुळे ट्रक हलले असं मी म्हणत नाही. पण ज्या यंत्रणेला आपली माणसं कुठे अडकली आहेत हेच माहीत नाही, तिला ते तोंडावर सांगणारा कुणीतरी लागतो. तो वार्ताहर 'आता नको, पाणी ओसरल्यावर विचारू' म्हणून गप्प बसला असता तर त्या आवारातल्या म्हाताऱ्या बाईला काय फायदा झाला असता?

इथे पत्रकारितेतले, सरकारी नोकरीतले बरेच जण आहेत. तुमचं मत वाचायला आवडेल.

निवृत्त_महसूल

ताई, तुमचा मुद्दा समजला. पण मी महसूल खात्यात उभी हयात काढली आहे, गोसेखुर्दच्या खालच्या गावांत पूर आला तेव्हाही ड्युटी केली आहे. दुसरी बाजू सांगतो.

पुराच्या दिवशी तहसील कार्यालयात फोन किती येतात याची बाहेरच्यांना कल्पना नसते. एका कानाला मुंबईचा कंट्रोल रूम, दुसऱ्या कानाला गावचा कोतवाल. तेवढ्यात कॅमेरा पुढ्यात येतो आणि विचारतो, "मृतांचा आकडा किती?" आकडा सांगितला आणि संध्याकाळी बदलला की 'प्रशासनाची लपवाछपवी'. नाही सांगितला की 'प्रशासन झोपेत'. मग वरून फोन येतो, खुलासा पाठवा. खुलासा लिहायला तोच माणूस बसतो जो बोटीचं डिझेल बघत असतो.

आणि अफवांचं काय? धरण फुटलं म्हणून एकानं ओरडायचं आणि अख्खं गाव रात्री रस्त्यावर. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात कलम ५४ उगाच घातलेलं नाही. खोट्या इशाऱ्यानं घबराट पसरवली तर एक वर्षापर्यंत कैद आहे. प्रश्न विचारावेत, पण आधी खात्री करावी, एवढंच माझं म्हणणं.

रात्रपाळी

मी नागपुरातल्या एका दैनिकात बरीच वर्षं रात्रीच्या डेस्कवर होतो, आता बाहेर आहे. मला दोघांचंही पटतं, पण कॅटरिनाच्या कथेचा दुसरा अर्धा भाग सांगितल्याशिवाय ही चर्चा पुढे जाऊ नये असं वाटतं.

ज्या माध्यमांनी फेमाला उघडं पाडलं, त्यांनीच त्याच आठवड्यात भयंकर चुकीच्या बातम्याही दिल्या. लोकांनी आसरा घेतलेल्या सुपरडोम स्टेडियममध्ये खून, लहान मुलांवर अत्याचार, हेलिकॉप्टरवर गोळीबार, प्रेतांचे ढीग. यातलं बरंचसं खुद्द महापौर आणि पोलीसप्रमुख यांच्या तोंडून आलं होतं आणि चॅनेलांनी ते तसंच पुढे ढकललं. सुपरडोममधले मृतदेह न्यायला एक वैद्यकीय पथक शीतगृहाचा मोठा ट्रक घेऊन गेलं, दोनशे प्रेतं असतील या तयारीनं. मिळाले सहा. त्यातला एकही खुनाचा नव्हता.

हे नुसतं लाजिरवाणं नाही, त्यानं माणसं मेली असणार. ३१ ऑगस्टच्या संध्याकाळी महापौरांनी सुमारे १५०० पोलिसांना शोध आणि बचावाच्या कामावरून काढून लुटालूट रोखायला पाठवलं. छपरांवर लोक हात हलवत उभे असताना! अडकलेल्या माणसांकडे 'दंगेखोर' म्हणून बघितलं गेलं. ४ सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र नागरिकांवर गोळ्या झाडल्या, दोघे गेले. खटला पुढे दहा वर्षांहून जास्त चालला.

पण या अफवा खोडून काढल्या कुणी? सरकारनं नाही. न्यू ऑर्लिन्सच्याच 'टाइम्स-पिकायून' या दैनिकानं सप्टेंबर संपायच्या आत एकेक दावा तपासून छापलं की हे घडलेलं नाही. याच दैनिकानं २००२ मध्ये मोठी लेखमाला छापून शहर असंच बुडेल असा इशारा दिला होता. याच दैनिकाची माणसं ३० ऑगस्टला पेपर वाटायच्या ट्रकमध्ये बसून बुडत्या इमारतीतून बाहेर पडली, आणि काही जण उलट पावली शहरात परत गेले. कागदावर अंक काढणं अशक्य झालं तेव्हा काही दिवस नुसता इंटरनेटवर काढला. ४ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्षांच्या नावे अनावृत पत्र छापून फेमाच्या अधिकाऱ्यांना काढा म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं ते योग्यच होतं.

फरक कुठे पडला? दुसऱ्या शहरातून उतरलेला अँकर आणि त्याच शहरात घर बुडालेला वार्ताहर यांच्यात. दुसऱ्याला गल्ल्या माहीत असतात. कोण बोलतोय, त्यानं स्वतः पाहिलं की ऐकलं, हे तो विचारतो. आमच्या डेस्कवर जुने वृत्तसंपादक मृतांची बातमी आली की एकच विचारायचे, "मेडिकलच्या शवागारात फोन केला का?" मेयो आणि मेडिकल, नागपुरातल्या या दोन्ही सरकारी रुग्णालयांकडून उत्तर येईस्तोवर आकडा पानावर जात नसे.

नागकाठ

रात्रपाळी, हे लिहिलंत ते फार बरं झालं. अफवेला मी टीका म्हणतच नाही. टीका म्हणजे ज्याच्याकडे जबाबदारी आहे त्याला, त्याच्या कामाबद्दल, नाव घेऊन विचारणं. सुपरडोमच्या अफवांत तर मदत मागणारी माणसंच आरोपी झाली होती. ती टीका सरकारवर नव्हती, पीडितांवर होती.

निवृत्त_महसूल काका, तुमच्यावर येणारा ताण खरा आहे. पण खुलासा लिहायला वेगळा माणूस नसणं ही यंत्रणेची उणीव आहे, प्रश्न विचारणाऱ्याची नाही.

पूर्व_नागपूर

ताई, मी थोडं वेगळं सांगून राहिलो. तुम्ही म्हणता चॅनेलवाल्यांनी प्रश्न विचारले. विचारले, पण कुठं? मोरभवनच्या बुडलेल्या एसटी, बर्डीचा बाजार, पंचशील चौक, रामदासपेठ. बस. नाग नदी तिथं संपते का? ती पुढं महालातून आमच्याकडं येते. आमच्या वस्तीत नदीला लागून टीनाची घरं हायेत. घरात कमरेएवढं पाणी होतं, गहू-तांदूळ सगळं भिजलं, पोरांची पुस्तकं गेली. एक कॅमेरा आला नाही.

मग मदत जाहीर झाली. घरांना १० हजार, दुकानाला ५० हजारांपर्यंत, टपरीवाल्याला १० हजार. चांगलं झालं, मी नाही म्हणत नाही. पण पंचनामा करणारे आले तेव्हा घरमालकाचं नाव लिहून गेले. आम्ही किरायानं राहतो. सामान आमचं भिजलं, पैसे मालकाच्या खात्यात. आमच्या ओळीतल्या चार-पाच घरांचं असंच झालं. विचारायले गेलो त् म्हणे यादी वर गेली. तोपर्यंत चॅनेलवाले गणपतीच्या विसर्जनाले लागले होते. एका पेपरात दोन ओळी तरी आल्या असत्या त् कोणीतरी यादी परत काढली असती.

निवृत्त_महसूल

भाऊ, तुमच्यावर अन्याय झाला. पंचनाम्यात राहणाऱ्याचं नाव यायला हवं, घर कोणाच्या मालकीचं हा प्रश्न पडझडीच्या मदतीसाठी येतो. कपडे-भांडी भिजली त्याची मदत त्या घरात राहणाऱ्या कुटुंबाची असते.

घडतं कसं ते सांगतो. वरून आदेश येतो, अमुक दिवसात पंचनामे संपवा. शहरात तलाठी कमी, म्हणून मनपाचे कर्मचारी, शिक्षक, जो मिळेल तो जोडीला देतात. त्यांच्या हातात मालमत्ता कराची यादी असते. दारावर जातात, भिंतीवरची पाण्याची रेघ बघतात, मोबाइलवर फोटो काढतात, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स घेतात. यादीत मालकाचं नाव आधीच छापलेलं, ते खोडून दुसरं लिहायची नवख्याची हिंमत होत नाही. पंच म्हणून शेजाऱ्याची सही घेतात आणि पुढच्या दारी.

अजून एक गोष्ट कोणत्याच चॅनेलनं नीट विचारली नाही. केंद्राच्या निकषात कपडे-भांड्यांच्या मदतीला घर दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली असण्याची अट आहे. नागपुरात पाणी काही तासांत ओसरलं. शहरातला पूर बहुतेक असाच असतो, झपकन येतो, सगळं नासवतो, दुपारपर्यंत जातो. म्हणजे राज्यानं वेगळा निर्णय काढेस्तोवर शहरातला माणूस निकषातच बसत नाही. दर वेळी कोणाच्या तरी मर्जीवर. ही अट बदला असं सातत्यानं लावून धरलं असतं तर मी त्या वार्ताहराला स्वतः फाइल समजावून सांगितली असती. मी टीकेच्या विरोधात नाही, फक्त ओरडण्याच्या विरोधात आहे.

ह्यूस्टनहून

मूळचा धंतोलीचा, २००५ मध्ये इथे नवीनच आलो होतो. न्यू ऑर्लिन्समधून बसेस भरभरून लोक आमच्या ॲस्ट्रोडोम स्टेडियममध्ये आणले. आम्ही मराठी मंडळी पाणी, डायपर, कपडे घेऊन गेलो होतो. सगळ्यात जास्त लक्षात राहिल्या त्या पुठ्ठ्यावर आणि कागदावर मार्करनं लिहिलेल्या चिठ्ठ्या. आई हरवली आहे, वय इतकं, शेवटची अमुक पुलावर दिसली, खाली फोन नंबर. कॅमेरा दिसला की लोक तो कागद छातीशी धरून समोर उभे राहायचे. त्यांना कुणावर टीका करायची नव्हती, कुणीतरी बघावं एवढीच इच्छा होती. मदतकेंद्रात कॅमेरे नकोत असं म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो.

मृतदेहांचं चित्रण करू नका, असं तेव्हा फेमानं माध्यमांना सांगितलं होतं. सीएनएन त्याविरुद्ध कोर्टात गेलं आणि सरकारला माघार घ्यावी लागली. प्रेतांचा मान राखायला हवा हे मान्य, पण किती गेले हे जगानं बघूच नये असा त्यामागचा हेतू असला तर तो अडवायलाच हवा होता.

पूर्व_नागपूर यांनी जे लिहिलं ते इथेही घडलं, फार मोठ्या प्रमाणावर. लुईझियानात घरं दुरुस्तीसाठी 'रोड होम' नावाची योजना आली. अनुदान ठरवताना घराची वादळाआधीची बाजारभावाची किंमत किंवा दुरुस्तीचा खर्च, यातलं जे कमी ते धरायचे. कृष्णवर्णीय वस्त्यांत घरांचे भाव आधीच पडलेले. छप्पर बदलायला खर्च तेवढाच, पण हातात पैसे कमी. २००८ मध्ये लोक कोर्टात गेले, २०११ मध्ये तडजोड झाली. वादळाला तोवर सहा वर्षं झाली होती.

चार्ट_आणि_नकाशे

मला माध्यमांना इतकं श्रेय देणं पटत नाही. ओडिशाकडे बघा. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १०,००० लोक गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी राज्य आपत्ती प्राधिकरण काढलं, किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले. २०१९ मध्ये फनी चक्रीवादळ आलं तेव्हा १० लाखांहून जास्त लोक आधीच हलवले होते, मृत्यू ६४. हे काम प्रशासनानं, हवामान खात्यानं आणि गावकऱ्यांनी केलं. टीव्हीवरच्या चर्चेनं एकही निवारा बांधला नाही. टीकेपेक्षा असं काम दाखवणारी पत्रकारिता जास्त उपयोगाची.

रात्रपाळी

ओडिशाचं काम दाखवायलाच हवं. पण १९९९ नंतर प्राधिकरण काढायची निकड का वाटली? सडलेली जनावरं, उघड्यावरची प्रेतं, मदत न पोचलेली गावं देशभर छापून आली म्हणून. ते न दिसतं तर सरकारला एवढी घाई झाली असती असं मला वाटत नाही. अमेरिकेतही तेच. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीनं सरकारच्या अपयशाचा जाडजूड अहवाल दिला, त्याच वर्षी फेमाच्या सुधारणेचा कायदा आला. जून २००६ मध्ये पूरभिंती बांधणाऱ्या लष्करी अभियंता दलानं रचनेतले दोष आपले असल्याचं मान्य केलं. आठवडाभराच्या टीव्हीनं हे झालं नसतं, महिनोन्‌महिने लावून धरल्यामुळे झालं.

सिताबर्डी_९९

मी पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. सगळं वाचतेय. आम्हाला वर्गात मारिया वादळाचं उदाहरण शिकवलं होतं, ते इथे बसतं म्हणून लिहिते.

२० सप्टेंबर २०१७ ला मारिया अमेरिकेच्या ताब्यातल्या प्युर्तो रिको बेटावर आदळलं. मृतांचा सरकारी आकडा ६४ वर थांबला आणि कित्येक महिने तिथेच राहिला. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प तिथे गेले तेव्हा कमी मृत्यू झाल्याचं कौतुक करून आले. पण तिथल्या 'सेंत्रो दे पेरिओदिस्मो इन्वेस्तिगातिवो' या लहानशा शोधपत्रकारिता केंद्रानं मृत्यूंच्या नोंदी मिळवण्यासाठी सरकारवर दावा लावला. वीज नाही म्हणून डायलिसिस थांबलं, ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं, इन्सुलिन खराब झालं, असे मृत्यू कुणी वादळात मोजलेच नव्हते. ऑगस्ट २०१८ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर सरकारनं आकडा २,९७५ केला.

आकडे उलटेही फिरतात. कॅटरिनाचे १,८३३ मृत्यू वर्षानुवर्षं सांगितले जायचे, २०२३ मध्ये नॅशनल हरिकेन सेंटरनं ते १,३९२ केले. म्हणून नुसता मोठा आकडा म्हणजे धाडसी पत्रकारिता असंही नाही. नोंदी मागणं आणि त्या नीट वाचणं हे खरं काम.

मला प्रोजेक्टसाठी नागपूरच्या पुरावर काहीतरी करायचं आहे. अंबाझरीच्या सांडव्यासमोरच्या स्मारकाचा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला, त्यावर सगळ्यांनी लिहिलंय. आता पूर्व_नागपूर दादांचं वाचून वाटतं, मदतीच्या याद्यांवर काम करावं. सुरुवात कुठून करू?

निवृत्त_महसूल

बेटा, माहिती अधिकारात अर्ज टाक. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, नाहीतर त्याच कारणानं परत येतो. विषय एकच ठेव, सप्टेंबर २०२३ च्या अतिवृष्टीतील सानुग्रह मदत. त्यात माग: प्रभागनिहाय लाभार्थी यादी, पंचनाम्यांची संख्या, नामंजूर प्रकरणं आणि नामंजुरीचं कारण. 'माहिती का हवी' ते लिहायची गरज नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. सरकारी पैशातून मदत मिळालेल्यांची यादी कलम ४ खाली त्यांनी आपणहून जाहीर करायची असते, तेही अर्जात लिही. बँक खात्याचे नंबर मागू नकोस, त्या एका गोष्टीवरून सगळं अडकवतात.

यादी आली की मला दाखव. नामंजुरीचे शेरे कसे लिहितात ते मला कळतं.

पूर्व_नागपूर

ताई, आमच्या वस्तीत या. आमच्या ओळीतल्या सगळ्यांचे किरायाचे करारनामे नाहीत, पण लाइट बिल आणि रेशन कार्डं हायेत त्या पत्त्यावरची. मी सगळ्यांना सांगून ठेवतो.

नागकाठ

सिताबर्डी_९९, आमच्या भागातले पंचनामे मी गोळा करून देते. आमच्याकडे बऱ्याच जणांना पैसे मिळाले, तळमजल्यावरच्या दोन-तीन भाडेकरूंना नाही, म्हणजे प्रश्न एकाच वस्तीचा नाही. अर्ज टाकायच्या आधी मसुदा इथे टाक, काका आणि रात्रपाळी बघतील. तुझं काम होईल तेव्हा छापायला कुणी तयार झालं तर उत्तम. ज्या काकांवरून हा धागा सुरू केला, ते पूर्वी मनपाच्या कर विभागात होते. मालमत्ता यादीत भाडेकरूची नोंद कशी असते ते मी उद्या त्यांनाच विचारते.

सिताबर्डी_९९

धन्यवाद सगळ्यांना. मसुदा रविवारपर्यंत इथेच टाकते. दादा, मी शनिवारी सकाळी येते.